चार हायड्रोफोन, एक इक्वलायझर: उथळ पाण्यातील ध्वनिसंवादाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी: आराखडा

काम असे: १५ मीटर खोल पाण्यात एक ट्रान्सड्यूसर (पाण्यातला स्पीकर) बोलणार, ३०० मीटर ते १ किलोमीटर अंतरावर उभ्या दोरावरचे चार हायड्रोफोन (पाण्यातले मायक्रोफोन) ऐकणार, आणि चौघांचे ऐकलेले एकत्र करून काय पाठवले होते याचा एकच निर्णय काढायचा.

वाहक १२ किलोहर्ट्झ, क्यूपीएसके (प्रत्येक सिंबॉल, म्हणजे सिग्नलचा एक तुकडा, फेजच्या चारपैकी एका स्थितीने दोन बिट नेतो), सेकंदाला ४,००० सिंबॉल, रूट-रेझ्ड-कोसाइन आकाराचा रोल-ऑफ (पट्ट्याच्या कडेचा उतार) ०.२५. पट्टा ५ किलोहर्ट्झचा झाला, ९.५ ते १४.५. सॅम्पलिंग ९६ किलोहर्ट्झ ठेवले, म्हणजे सिंबॉलमागे पूर्ण २४ सॅम्पल. बेसबँडला (वाहक काढून शून्याभोवतीच्या वारंवारतेला) उतरवून सॅम्पल १२ ने घटवले की सिंबॉलमागे २ उरतात, इक्वलायझरला (प्रतिध्वनींमुळे एकमेकांत मिसळलेले सिंबॉल वेगळे करणाऱ्या फिल्टरला) तेवढेच लागतात. हे भागाकार पूर्णांकात बसवण्याचा आग्रह पहिल्या दिवशीच धरावा. पुढे डॉप्लरची (हालचालीमुळे वारंवारता सरकण्याची) चूक शोधताना रीसॅम्पलिंगचा दुसरा एखादा अपूर्णांक मध्ये असेल तर कोणता परिणाम कशाचा ते कळत नाही.

शोषणाची भीती या अंतराला नाही. समुद्रातल्या ध्वनिशोषणाच्या थॉर्पच्या सूत्राने १२ किलोहर्ट्झला किलोमीटरमागे सुमारे १.६ डेसिबल जातात. २४ ला मात्र ५.७.

७ जानेवारी: किती सिंबॉल एकमेकांत मिसळणार?

पाणी २८ अंश, क्षारता ३५, खोली १० मीटर धरून ध्वनिवेग १,५४१ मी/से. दोन्ही टोके मध्यखोलीवर असतील तर n वेळा परावर्तित झालेला मार्ग म्हणजे n × १५ मीटर उंचीवरच्या प्रतिमेपासून आलेला सरळ मार्ग. पायथागोरसने हिशेब:

३०० मीटरवर ४ परावर्तनांचा मार्ग थेट मार्गाच्या ३.९ मिलिसेकंद मागे, म्हणजे १५ सिंबॉल. १० परावर्तनांचा २३ मिलिसेकंद मागे, ९२ सिंबॉल. १ किलोमीटरवर हेच आकडे १.२ आणि ७.३ मिलिसेकंद, म्हणजे ५ आणि २९ सिंबॉल.

उथळ पाण्यात जवळचे अंतर अधिक अवघड असते ते यामुळे. सिग्नल दणदणीत असतो, पण शेपटी लांब असते. "आधी जवळून जमवू, मग लांब जाऊ" हा क्रम इथे उलटा पडतो. म्हणून इक्वलायझरची लांबी ३०० मीटरवरून ठरवायची आणि सिग्नल-नॉईजचा हिशेब १ किलोमीटरवरून.

९ जानेवारी: हायड्रोफोनमधले अंतर

तरंगलांबी १२.८ सेंमी. अर्ध्या तरंगलांबीचे अंतर बीम (एका दिशेने ऐकण्याचा झोत) वळवण्यासाठी ठीक, पण इथे हवे आहे वेगवेगळे ऐकणे: एकाच्या जागी मार्ग एकमेकांना खात असतील तेव्हा दुसऱ्याच्या जागी ते खात नसावेत. त्यासाठीचे किमान अंतर साधारण तरंगलांबी भागिले उभ्या कोनांचा पसारा. ३०० मीटरवर ४ परावर्तनांपर्यंतचे मार्ग ±११.३ अंशांत येतात, म्हणजे ०.४ रेडियन, उत्तर ३२ सेंमी. १ किलोमीटरवर पसारा ०.१२ रेडियनच उरतो, उत्तर १.०७ मीटर.

निर्णय: १ मीटर. दोर उभाच हवा. आडवा ठेवला तर येणाऱ्या कोनांचा पसारा फारच कमी, आणि तेवढाच वेगळेपणा मिळवायला अंतर पुष्कळ वाढवावे लागेल.

दोराची रचना: तळाशी वजन, वर हायड्रोफोन, त्यांच्यावर पृष्ठभागाखाली २ मीटर बुडालेला तरंगता गोळा. पृष्ठभागापर्यंत जाणारी केबल सैल. दोर पृष्ठभागावरच्या बोयाला टांगला तर प्रत्येक लाटेबरोबर चारही हायड्रोफोन वरखाली होतात आणि तो डॉप्लर आपणच आपल्या मागे लावून घेतो.

१४ जानेवारी: पुढचा ॲम्प्लिफायर

पातळ्यांचा हिशेब, सगळे १ मायक्रोपास्कलच्या संदर्भाने. स्रोत १ मीटरवर १७० डेसिबल. ३०० मीटरवर गोलाकार पसरणीने ४९.५ आणि शोषणाने ०.५ गेले, पोचले १२०, म्हणजे १ पास्कल. हायड्रोफोनची संवेदनशीलता −१८० डेसिबल (१ व्होल्ट प्रति मायक्रोपास्कल), त्यामुळे हातात १ मिलिव्होल्ट. ४० डेसिबल वाढवले की ०.१ व्होल्ट.

आता शत्रू: १० सेंमीच्या लाटेचा दाब वरच्या थरात सुमारे १,००० पास्कल. सिग्नलच्या हजारपट. वारंवारता एक हर्ट्झच्या आत असल्याने कानाला ऐकू येत नाही, स्पेक्ट्रमच्या आलेखात डाव्या कडेला चिकटलेली असते, आणि ॲम्प्लिफायर मात्र तिच्यामुळे रेलला (आपल्या व्होल्टेजच्या मर्यादेला) टेकतो. लक्षण: सिग्नल काही सेकंद छान, मग काही सेकंद साफ गायब, पुन्हा छान. म्हणून हाय-पास (फक्त वरच्या वारंवारता सोडणारा फिल्टर) पहिल्या वाढीच्या आधी. हायड्रोफोन १० नॅनोफॅराड, ३० मीटर केबल मीटरला १०० पिकोफॅराडने ३ नॅनोफॅराड. इनपुटला १२ किलोओम लावला की त्याचा कोपरा (ज्याखाली कात्री लागते ती वारंवारता) १ किलोहर्ट्झवर येतो. ०.३ हर्ट्झच्या लाटेला तिथेच ७० डेसिबल कात्री लागते. त्यापुढे आणखी एक दुसऱ्या घाताचा हाय-पास.

केबलची ती ३ नॅनोफॅराड फुकट नाही: १०/१३ या प्रमाणात व्होल्टेज घटते, २.३ डेसिबल. चार केबल चार लांबीच्या कापल्या तर चार चॅनेलची वाढ वेगळी. सगळ्या ३० मीटरच्याच कापल्या, वरच्या हायड्रोफोनची उरलेली केबल गुंडाळून ठेवली.

अतिशय कमी नॉईजचा महाग ॲम्प्लिफायर लागत नाही. समुद्राचा स्वतःचा नॉईज या वारंवारतेला हर्ट्झमागे ५० डेसिबल धरला तर हायड्रोफोनच्या टोकाला तो ३१६ नॅनोव्होल्ट प्रति रूट-हर्ट्झ होतो. साधा ५ नॅनोव्होल्टचा ऑप-ॲम्प त्याखाली कुठल्या कुठे राहतो.

१६ जानेवारी

चारही चॅनेल एकाच इंटरफेसवर, एकाच घड्याळावर. दोन-दोन चॅनेलची दोन उपकरणे जोडण्याचा मोह टाळला. दोन क्रिस्टलमध्ये ५० पीपीएमचा (दशलक्षात ५०) फरक असला तर १० सेकंदांच्या रेकॉर्डिंगमध्ये ०.५ मिलिसेकंद, म्हणजे २ सिंबॉल सरकतात. इक्वलायझरला तो एका चॅनेलपुरता खोटा डॉप्लर दिसतो, आणि तो पाण्यात शोधत बसावे लागते.

२० जानेवारी: टाकीतली तपासणी

टाकीत संवादाची चाचणी करायची नाही. भिंतींचे प्रतिध्वनी समुद्रासारखे नसतात. टाकीत फक्त वाढ आणि फेज तपासायची. १ मीटरचा थेट मार्ग ०.६७ मिलिसेकंदाला येतो, सर्वांत जवळचे परावर्तन ३ मीटरचे, २ मिलिसेकंदाला. मधली स्वच्छ खिडकी १.३ मिलिसेकंद. त्यात १२ किलोहर्ट्झची १० आवर्तने (०.८३ मिलिसेकंद) बसतात, तेवढाच टोन-बर्स्ट सोडायचा.

तीन नंबरच्या चॅनेलची ध्रुवता उलटी निघाली, प्लगमध्ये दोन तारांची अदलाबदल. इक्वलायझर अशी चूक मुकाट्याने पचवतो, कारण त्याच्या लेखी तो १८० अंशांचा एक गुणक. पण पुढे बीम बनवायचा झाला तर हीच चूक आडवी येईल, म्हणून आत्ताच दुरुस्त.

पाण्यात सोडण्यापूर्वी हायड्रोफोन भांडी घासायच्या साबणाच्या पातळ पाण्याने पुसायचे. कोरड्या पृष्ठभागाला चिकटलेले हवेचे बुडबुडे संवेदनशीलता बदलतात, आणि तास-दोन तासांत ते विरघळत गेले की वाढ आपोआप सरकलेली दिसते.

२३ जानेवारी: पाकिटाची रचना

चर्प (वारंवारता सरकत जाणारा सूर) ५० मिलिसेकंद, मोकळी जागा ५०, प्रशिक्षण (ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेले) ६०० सिंबॉल (१५०), डेटा २,४०० सिंबॉल (६००), मोकळी जागा ५०, पुन्हा तोच चर्प ५०. एकूण ९५० मिलिसेकंद. चुका दुरुस्त करण्यासाठी दर-१/२ चा कन्व्होल्यूशनल कोड, कन्स्ट्रेंट लांबी ७. एका पाकिटात २,४०० उपयुक्त बिट, म्हणजे सेकंदाला साधारण २.५ किलोबिट.

मोकळी जागा ५० मिलिसेकंद यासाठी की २३ मिलिसेकंदांची शेपटी चर्पवर चढू नये. चर्पचा काळ × पट्टा = २५०, म्हणजे कोरिलेशनने (आलेला सिग्नल मूळ चर्पशी ताडून पाहिल्याने) २४ डेसिबल मिळतात.

३ फेब्रुवारी: पहिले रेकॉर्डिंग, ३०० मीटर

कोरिलेशनमध्ये चारही चॅनेलवर शून्य वेळेला एक टोकदार शिखर. ध्वनीला ३०० मीटर यायला १९५ मिलिसेकंद लागतात, तेव्हा हे पाण्यातून आलेले नाही: पॉवर ॲम्प्लिफायरची विद्युत गळती. चाचणीसाठी ट्रिगरची तार दोन्हीकडे जोडली होती, तिथून जमिनीचा फेरा तयार झाला. ओळखण्याची खूण सोपी: अंतर बदलल्यावर जे शिखर हलत नाही ते पाण्यातले नव्हे. तार काढली, शिखर गेले.

एकेका चॅनेलवर इक्वलायझर चालतो. चारही एकत्र केल्यावर निकाल सर्वांत चांगल्या एकट्या चॅनेलपेक्षा वाईट. हे गणिताने शक्य नसावे: उरलेल्या तिघांना शून्य वजन देण्याची मुभा त्याला आहेच. म्हणजे चूक आपल्याकडे.

५ फेब्रुवारी: चूक सापडली, वेळ जुळवण्यात

प्रत्येक चॅनेल आपापल्या सर्वांत उंच शिखराला जुळवला होता. पहिल्या चॅनेलवर सर्वांत उंच होता थेट मार्ग. तिसऱ्यावर थेट मार्ग आणि एकदा परावर्तित मार्ग एकमेकांना खात होते, म्हणून सर्वांत उंच ठरला १५ सिंबॉल मागचा चार-परावर्तनी मार्ग. फीडफॉरवर्डची (इक्वलायझरच्या, येणारे सॅम्पल तोलणाऱ्या भागाची) खिडकी २० सिंबॉलची. तिसऱ्या चॅनेलची खिडकी उशिरा उघडत होती आणि उपयोगी ऊर्जा तिच्या आधीच निघून जात होती. उरत होता नुसता नॉईज आणि ४० जादा वजने.

दुरुस्ती: चारही कोरिलेशनच्या वर्गांची बेरीज करायची, त्या बेरजेत उंबरठा ओलांडणारा पहिला क्षण शोधायचा, आणि तीच वेळ चौघांना द्यायची. हायड्रोफोन १ मीटर अंतराने उभे असल्यामुळे खरा फरक काही दशांश सिंबॉलच असतो. तो टॅप (इक्वलायझरच्या खिडकीतली एकेक वजने) सांभाळून घेतात. प्रत्येकाला स्वतंत्र वेळ शोधू देणे म्हणजे एकाच वाक्याचे चार वेगवेगळे शब्द एकमेकांवर ठेवून बेरीज करणे.

१० फेब्रुवारी: डॉप्लर

०.५ मी/से वेगाला गुणोत्तर ०.०००३२४. वाहक ३.९ हर्ट्झने सरकतो. पण नुसता वाहक सरकत नाही, सगळे पाकीट आकसते: दोन चर्पमधल्या ९०० मिलिसेकंदांत ०.२९ मिलिसेकंद, २८ सॅम्पल, सव्वा सिंबॉलला थोडे कमी. रेडिओच्या सवयीने फक्त वारंवारता दुरुस्त केली तर पाकिटाच्या शेवटी सिंबॉल चुकलेला असतो.

मोजमाप: पुढच्या आणि मागच्या चर्पमधला काळ. हालचालीमुळे चर्पचे शिखर स्वतःही थोडे सरकते (३.९ हर्ट्झला सुमारे ४० मायक्रोसेकंद), पण दोन्ही चर्प सारखेच असल्याने आणि वेग तोच असल्यास ते वजाबाकीत जाते. पुढचा चर्प चढता आणि मागचा उतरता ठेवला असता तर चूक दुप्पट झाली असती. एका सॅम्पलच्या अचूकतेने वेगाचे मापन १.८ सेंमी/से पर्यंत; शिखराभोवती पॅराबोला बसवल्यावर आणखी बारीक.

मोजायचे कोणत्या शिखरावरून? दोन्ही चर्पमध्ये एकाच मार्गावरून. इथेही चारही चॅनेलच्या वर्गांची बेरीज वापरली.

रीसॅम्पलिंग आधी ९६ किलोहर्ट्झच्या कच्च्या सिग्नलवर, रेषीय इंटरपोलेशनने केले होते. १२ किलोहर्ट्झला एका आवर्तनात ८ सॅम्पल, रेषीय जोडणीची कमाल चूक (०.७८५)²/८, म्हणजे −२२ डेसिबल. ३५ डेसिबलच्या सिग्नल-नॉईजचा सगळा फायदा तिथेच बुडाला. क्रम बदलला: आधी बेसबँडला उतरवायचे, मग तिथे रीसॅम्पल, आणि वाहकाचे फिरणे वेगळ्या गुणकाने उलटे फिरवायचे. पट्ट्याच्या कडेला, २.५ किलोहर्ट्झवर, तीच रेषीय जोडणी −४९ डेसिबलपर्यंत जाते. हा फिरवण्याचा गुणक विसरला जातो. विसरला तर रीसॅम्पलिंग बरोबर असूनही नक्षत्र (सिंबॉलच्या चार बिंदूंचा आलेख) ३.९ हर्ट्झने गोल फिरत राहते.

१२ फेब्रुवारी: फेज-लूप

पीएलएल (फेजचा माग काढणारी फेज-लूप) इक्वलायझरच्या आतच, प्रत्येक चॅनेलला स्वतःची. १९९०च्या दशकात स्टोयानोविच, कॅटिपोविच आणि प्रोआकिस यांनी मांडलेली हीच रचना आजही पाया म्हणून पुरते. कारण साधे: आरएलएसची (इक्वलायझरची वजने शिकण्याच्या पद्धतीची) स्मृती ५०० सिंबॉल म्हणजे १२५ मिलिसेकंद. ३.९ हर्ट्झ दुरुस्त न करता सोडले तर तेवढ्या वेळात फेज १७५ अंश फिरते, आणि स्मृतीच्या दोन टोकांची सरासरी एकमेकांना पुसून टाकते.

लूपचे दोन गुणक K1 = ०.०१ आणि K2 त्याचा दहावा भाग, असे सुरुवातीला ठेवले. फेजच्या आलेखात दर ५० मिलिसेकंदांना एक झोका. समुद्रात असे काही नाही, तो लूपचाच: √०.००१ = ०.०३१६ रेडियन प्रति सिंबॉल, आवर्तन १९९ सिंबॉल. आणि डॅम्पिंग जेमतेम ०.१६. आता K1 = ०.०४, K2 = K1²/२ = ०.०००८. डॅम्पिंग ०.७ आले, झोका थांबला.

पीएलएल अजून एका कारणाने हवीच. ट्रान्सड्यूसर ऐकणाऱ्या दोराच्या दिशेने पुढे-मागे २० सेंमी, ४ सेकंदांच्या आवर्तनाने डोलला तर ०.९ सेकंदांच्या पाकिटात सरासरी वेग काढून टाकल्यावरही ५ सेंमीचा बाक उरतो. तो १४० अंश फेज आहे. वरखाली डोलणे वेगळे: थेट आडव्या मार्गाला ते जाणवत नाही, पण ११ अंशांच्या मार्गाला त्याचा पाचवा हिस्सा लागतो. प्रत्येक मार्गाचा डॉप्लर वेगळा, त्यामुळे एका रीसॅम्पलिंगने सगळे सरळ होईल ही अपेक्षाच चुकीची. उरलेले काम टॅपांनी करायचे.

१८ फेब्रुवारी: वजनांची मोजणी

या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची नोंद बहुधा हीच.

प्रत्येक चॅनेलला फीडफॉरवर्डचे ४० टॅप (अर्ध्या सिंबॉलच्या अंतराने), फीडबॅकचे (आधी ठरलेल्या सिंबॉलचा प्रतिध्वनी वजा करणारे) १०० सामाईक. एका हायड्रोफोनला एकूण १४० वजने, चारांना २६०, आठांना ४२०. आरएलएसची जादा चूक साधारण N(१−λ)/(१+λ): N वजनांची संख्या, λ विसरण्याचा गुणक, स्मृती १/(१−λ) सिंबॉल. λ = ०.९९८ ला: १४० वजनांना ०.६ डेसिबल, २६० ना १.०, ४२० ना १.५. चार हायड्रोफोनमधला नॉईज स्वतंत्र असेल तर मिळकत ६ डेसिबल, त्यातून हे वजा. सौदा उत्तम.

पण समुद्र खवळला आणि स्मृती १०० सिंबॉलवर (λ = ०.९९) आणावी लागली की वरचे सूत्रच लागू राहत नाही. समीकरणे १००, अज्ञात २६०. आरएलएस प्रशिक्षणात झकास दिसतो, चूक जवळजवळ शून्य, कारण तो नॉईजच पाठ करतो. डेटा सुरू होताच कोसळतो. प्रशिक्षणातली चूक आणि डेटातली चूक यांच्यात मोठी दरी दिसली की नेमके हेच घडलेले असते.

आम्ही धरलेला नियम: स्मृती वजनांच्या साधारण दुप्पट हवी, आणि प्रशिक्षणही. २६० ला ५२०. म्हणून प्रशिक्षण ६००. आठ हायड्रोफोन लावले तर ८४० सिंबॉल, २१० मिलिसेकंद पाणी स्थिर राहायला हवे. हायड्रोफोन वाढवताना आधी विचारायचे ते हे: पाणी बदलण्यापूर्वी त्याची वजने शिकून होतील का?

२० फेब्रुवारी

दोन किरकोळ, पण दिवस खाणाऱ्या गोष्टी. आरएलएसची P मॅट्रिक्स (वजने किती बदलायची ते ठरवणारी) सिंगल प्रिसिजनमध्ये हळूहळू असममित होते आणि काही हजार सिंबॉलनंतर उधळते. डबल प्रिसिजन, आणि प्रत्येक पायरीला P आणि तिच्या हर्मिशियन ट्रान्सपोजची सरासरी. दुसरी: केबल तुटलेला, अगदी शून्य देणारा चॅनेल आत राहू द्यायचा नाही. त्याच्या बाजूची P दर सिंबॉलला १/λ ने फुगते. ३,००० सिंबॉलांत ४०० पट. पाकीट सुरू होण्याआधी प्रत्येक चॅनेलची ऊर्जा तपासून मृत चॅनेल वगळायचा.

२५ फेब्रुवारी: चटचटाट

उबदार उथळ पाण्यात स्नॅपिंग श्रिंप जातीच्या कोळंबीचा चटचटाट अखंड असतो. एकेक टिचकी मिलिसेकंदाहून लहान, पण इतकी उंच की एका सिंबॉलच्या चुकीने आरएलएसची सगळी वजने हलतात, आणि ती परत बसायला पूर्ण स्मृतीइतका वेळ जातो.

छाटणी हाय-पासनंतर, पण पट्ट्याच्या फिल्टरच्या आधी, पूर्ण ९६ किलोहर्ट्झवर. अरुंद फिल्टरमधून गेल्यावर टिचकी पसरून अख्ख्या सिंबॉलएवढी होते, मग ती वेगळी काढता येत नाही. उंबरठा: सरकत्या खिडकीतल्या निरपेक्ष मूल्यांच्या मध्यकाच्या ५ पट. सरासरी किंवा आरएमएस वापरायचा नाही, टिचक्या स्वतःच तो वर ढकलतात. शिवाय निर्णयातली चूक ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर त्या सिंबॉलला वजने बदलायचीच नाहीत.

चार हायड्रोफोनचा इथे वेगळाच उपयोग झाला: बाजूच्याच कोळंबीची टिचकी दोरावर खालून वर सरकत जाते, सर्व चॅनेलवर एकाच सॅम्पलला येत नाही. त्यामुळे छाटलेले सॅम्पल चारही ठिकाणी एकदम जात नाहीत.

४ मार्च: कमी वजनांचा मार्ग

पॅसिव्ह टाइम-रिव्हर्सल. प्रत्येक चॅनेलवर पाण्याच्या प्रतिसादाचा अंदाज काढायचा, तो उलटा करून, काँज्युगेट घेऊन त्याच चॅनेलला फिल्टर म्हणून लावायचा, आणि चौघांची बेरीज. बेरजेत उरतो तो चार प्रतिसादांच्या ऑटोकोरिलेशनचा (प्रत्येक स्वतःशीच ताडून पाहिल्याचा) एकत्रित आकार: मधले शिखर चौघांत एकाच जागी, म्हणून साठते, बाजूचे कंगोरे वेगवेगळ्या जागी, म्हणून एकमेकांना मारतात. १ मीटरच्या अंतराचा खरा फायदा इथे वसूल होतो. हायड्रोफोन जवळजवळ ठेवले असते तर कंगोरेही सारखेच साठले असते.

त्यामागे एकच लहान इक्वलायझर: फीडफॉरवर्ड २०, फीडबॅक ४०, एकूण ६०. λ = ०.९९ लाही जादा चूक १.१ डेसिबल, आणि स्मृती २५ मिलिसेकंदांवर आणता येते. फीडफॉरवर्डची खिडकी शिखराच्या दोन्ही बाजूंना हवी, कारण ऑटोकोरिलेशनचे कंगोरे आधीही येतात. फक्त मागची बाजू धरली तर निकाल कारण न कळता वाईट येतो.

प्रतिसादाचा अंदाज लीस्ट-स्क्वेअर्सने. सम आणि विषम सॅम्पलचे दोन वेगळे प्रतिसाद मानले की प्रत्येकात ९२ अज्ञात. ६०० प्रशिक्षण सिंबॉल भरपूर. पुढे दर ३०० सिंबॉलांनी, ठरवलेल्या सिंबॉलवरून पुन्हा अंदाज. ९२ पैकी बहुतेक टॅपांत फक्त नॉईज असतो. नॉईजच्या पातळीखालचे शून्य केल्यावरच ही पद्धत वर येते. न केले तर चार चॅनेलचा अंदाजातला नॉईज बेरजेत साठतो.

फीडबॅकमधून चूक पसरली की पुढचा अंदाजही चुकीच्या सिंबॉलवर बसतो आणि मग सावरत नाही. उपाय: डेटाच्या मधोमध १०० ज्ञात सिंबॉल, आणि कोडच्या डिकोडरने सुधारलेले सिंबॉल घेऊन दुसरी फेरी.

७ मार्च: सध्याची मांडणी

शांत पाणी, १ किलोमीटर: पूर्ण चार-चॅनेल इक्वलायझर, λ = ०.९९८, फीडबॅक ४० पुरेसे (शेपटी २९ सिंबॉल), म्हणजे २०० वजने. ३०० मीटर, लाटा असताना: टाइम-रिव्हर्सल आणि ६० वजने. दोन्हींची निवड पाकिटागणिक, प्रशिक्षण आणि पहिल्या २०० डेटा सिंबॉलमधल्या चुकीच्या दरीवरून.

पुढच्या रेकॉर्डिंगआधी: दोराच्या वरच्या तरंगत्या गोळ्याची उचल वाढवणे (प्रवाहात दोर कलतो, वरचा हायड्रोफोन पुढे जातो), दोरावर वर आणि खाली एकेक तापमान नोंदक, आणि प्रत्येक पाकिटाच्या आधी २ सेकंद शांतता. छाटणीचा उंबरठा त्या शांततेवरून ठरवायचा आहे. सध्या तो सिग्नल चालू असतानाच्या मध्यकावरून ठरतो आणि जवळच्या अंतरावर गरजेपेक्षा वर राहतो.